दिनूकाकांचा वाटा: स्कॉटलंडच्या एका भट्टीतला दिवस

बाबांनी सोळा वर्षांपूर्वी दारू सोडली आणि यंदा मे महिन्यात मी त्यांना स्कॉटलंडला व्हिस्कीची भट्टी दाखवायला घेऊन गेले. नाहूरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये ज्यांना हे कळलं त्यांनी मला वेड्यात काढलं. मलाच धाकधूक होती, त्यांना काय बोलणार!

हट्ट बाबांचा. त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे आमचे दिनूकाका, बोटीवर खलाशी होते. त्यांनी एकदा आणलेल्या बाटलीच्या लेबलवर टोपीसारख्या धुराड्याची भट्टी छापलेली होती. "दादा, एकदा थंय जावया," असं दोघांचं ठरलेलं. ते राहूनच गेलं. काका लिव्हरने गेले आणि त्यांच्या बाराव्याला बाबांनी नारळावर हात ठेवून शपथ घेतली. तेव्हापासून बाबा बाहेरून आले की दार मीच उघडते. हातातली पिशवी घ्यायची, क्षणभर जवळ उभं राहायचं आणि त्यांना कळू न देता वास घ्यायचा. एवढ्या वर्षांत एकदाही आला नाही. तरी माझी सवय काही सुटली नाही.

ज्यांना जायचंय त्यांनी व्हिसाचं काम दोन महिने आधी हातात घ्या. विमानाने एडिनबरा, तिथून रेल्वेने साडेतीन तासांवर इनव्हर्नेस आणि पुढे छोट्या गाडीने एल्गिन. रेल्वेची तिकिटं आधी काढा, बरीच स्वस्त पडतात. एल्गिनहून भट्ट्यांच्या गावांकडे बस जाते, पण रविवारी तिच्या भरवशावर राहिलात तर वाट लागलीच समजा. मे असला तरी स्वेटर हवाच. डाळीचं सूप बहुतेक ठिकाणी मिळतं. मासेही मिळतात, पण बाबांनी हॅडॉकचे दोन घास खाऊन निकाल दिला, "मीठ नाय, मसालो नाय. आजाऱ्याचा जेवाण."

भट्टी ओढ्याकाठी होती. धुराडं लेबलवरच्यासारखंच. बाबा फाटकाशी थांबले, चष्मा पुसला, परत घातला. भट्टी दाखवणारी बाई मॉराग, पन्नाशीची. तिचे वडील आणि आजोबा दोघं इथेच कामाला होते. भिजवलेले जव जमिनीवर पसरून लाकडी फावड्यांनी उलटे-सुलटे करतात, ते तिने दाखवलं. मग दारू गाळायची तांब्याची पोटाळ भांडी. भांडं झिजलं की नवं अगदी तसंच घडवतात, आकार बदलला तर चव बदलेल म्हणून. धार पडते ती काचेच्या कुलूपबंद पेटीत. कामगार बाहेरून बघून ठरवतो कुठली धार ठेवायची आणि कुठली परत गाळायची. पूर्वी त्या कुलपाची किल्ली सरकारी माणसाकडे असायची.

मॉराग सांगत होती, एके काळी इथल्या कामगारांना पाळीत दोन-तीनदा पेला भरून मिळायचा. फुकट. ऐकणारे हसले. बाबा हसले नाहीत.

"विचार तिका, किती मेले?"

मला विचारायची लाज वाटली, पण विचारलं. मॉरागने बाबांकडे बघितलं. "माझे आजोबा," ती म्हणाली.

त्यानंतर ती आमच्याबरोबरच चालत राहिली. गोदामात अंधार होता, गारवा होता आणि ओकची पिंपं रांगेत झोपवलेली. ती म्हणाली, दर वर्षी पिंपातला थोडा माल लाकडातून हवेत उडून जातो. त्याला इथे देवदूतांचा वाटा म्हणतात. बाबांनी मला ते दोनदा सांगायला लावलं. मग एका पिंपावर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले.

शेवटी चाखायची खोली. आम्ही पीत नाही हे मी तिकीट काढतानाच कळवलं होतं. अशांना आणि गाडी चालवणाऱ्यांना घरी न्यायला छोटी सीलबंद बाटली देतात. तरी पेले सगळ्यांसमोर मांडलेले होते. मी आमची बाटली घ्यायला वळले आणि परत बघते तर बाबांच्या हातात पेला!

"बाबा, ठेवा तो! शपथ घेतलीय ना तुम्ही?" मी ओरडलेच. मनगट धरलं, अर्धी व्हिस्की टेबलावर सांडली. सगळे वळून बघू लागले.

बाबांचं बोट पेल्यात बुडालेलं होतं.

"दिन्याचो वाटो काढी होतंय गो," ते हळूच म्हणाले.

आमच्या गावाकडे वारलेल्या माणसाच्या नावाने दारूचे थेंब जमिनीवर शिंपडतात, हे मला ठाऊकच नव्हतं. कसं असणार? माझ्या आठवणीतली दारू म्हणजे फक्त भांडणं आणि आईचं रडणं. बाबांनी दगडी फरशीवर तीन थेंब शिंपडले आणि पेला खाली ठेवला. मी मॉरागला अर्थ सांगितला. तिने टेबल पुसता पुसता हात थांबवला आणि मान खाली घालून उभी राहिली.

बसमध्ये मी सॉरी म्हटलं. "तुझा काय चुकला नाय," बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले. त्याने जास्तच लागलं. चार लोकांसमोर म्हाताऱ्या बापाचं मनगट धरणारी मुलगी मी.

ती बाटली घरी शोकेसमध्ये उभी राहिली, कुलूप न लावता. सर्वपित्रीला काकांचं पान वाढलं. बाबांनी सील तोडलं आणि बाटली आणि पान घेऊन एकटेच गच्चीवर गेले. मला मागोमाग जावंसं वाटलं, खोटं कशाला बोलू! पण मी वडे तळत राहिले.

वीस मिनिटांनी बेल वाजली. दार उघडलं. बाबांनी रिकामी बाटली माझ्या हातात दिली आणि उंबऱ्याबाहेरच थांबले. आत येईनात. तोंड जरासं उघडून त्यांनी माझ्या दिशेने श्वास सोडला आणि वाट बघत राहिले. सोळा वर्षं ते रोज असेच थांबायचे. मला वाटायचं, चपला काढायला वेळ लागतो.

मी दारातून बाजूला झाले आणि मान वळवली.

"आत या बाबा. वडे गार होतायत."