साष्टीचा नकाशा आणि फ्रान्सिसची पिशवी

फिलूचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. "बाई, फ्रान्सिस दुपारी गेला. प्रेसमध्ये डबा उघडून बसला होता, तसाच बाजूला कलंडला. उद्या चारला चर्चमध्ये मिस्सा आहे." एवढं बोलून तिने फोन ठेवला. चार दिवसांपूर्वी, गुरुवारी, हा माणूस मुलुंडला माझ्या घरी बसून चहात खारी बुडवून खात होता, माझ्या गुडघ्यांची टिंगल करत होता. एकसष्ट वर्षांचा. ना बीपी, ना शुगर. मी जुडी हातात धरून तशीच बसले... आणि लाज वाटते, पण सांगते. माझ्या मनात पहिला विचार आला तो त्याच्या बायकोचा, फिलूचा नव्हता, त्याच्या मुलीचाही नव्हता. मनात आलं, तो नकाशा यानेच नेला होता का, हे आता मला कधीच कळणार नाही. बावीस वर्षांची ओळख, आणि माणूस गेल्यावर मला हे सुचलं. त्या संध्याकाळी मेथी तशीच राहिली, आणि मी जेवले नाही ते दुःखाने की स्वतःच्या किळसेने, ते अजून सांगता येत नाही.

मी घाटकोपरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होते. फ्रान्सिस मरोळ गावठाणातला, ईस्ट इंडियन ख्रिस्ती, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या आधीपासूनचा इथला. घरात मराठी, देवळात, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये, मराठी, भांडणही मराठीत. अंधेरीच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये लग्नपत्रिकांवर सोनेरी ठसा उमटवायच्या मशीनवर तो कामाला होता. "निम्म्या अंधेरीच्या लग्नांचे गणपती माझ्या हातून गेलेत, बाई," असं सांगायचा आणि गळ्यातला क्रूस शर्टाबाहेर काढून दाखवायचा. त्या सोन्याच्या कामामुळेच त्याला जुन्या पुस्तकांचा नाद लागला. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीची कापडी बांधणीची पुस्तकं, त्यांवर सोनेरी हत्ती, ताडाची झाडं, शिडाची गलबतं. आणि आत घडी घालून ठेवलेले नकाशे. पुस्तक वाचायचं मात्र नाही! मी एकदा चिडून विचारलं, "अहो, आत काय लिहिलंय ते तरी बघा कधी." तर म्हणाला, "लिहिणारा साहेब इथे दोन वर्षं राहून गेला. माझ्यापेक्षा त्याला काय जास्त ठाऊक असणार? नकाशा काढणारा मात्र पायी फिरलेला असतो."

पहिल्या भेटीतच आमची जुंपली होती. कोणा विश्वस्ताची चिठ्ठी घेऊन तो शनिवारी आला आणि मागच्या बंद कपाटातली नकाशांची पुस्तकं मागितली. मी साष्टी बेटाबद्दलचं एक जाडजूड पुस्तक काढून दिलं. त्याने नकाशाची घडी उलगडली, आणि कोणीतरी चिमटा काढावा तसा चेहरा केला.

"हा शिक्का कोणी मारला?"

"मी. प्रत्येक नकाशावर मारायचा, असा नियम आहे. चोरी झाली तर ओळखता यावा म्हणून."

"तो मारा हो. पण एवढा समुद्र रिकामा पडलाय, आणि तुम्ही माहुल गाव बुडवलंत!"

बघितलं तर खरंच, कॉलेजचा जांभळा गोल बरोब्बर माहुलवर बसला होता आणि त्याची कड देवनारपर्यंत गेली होती. त्या दिवसापासून मी प्रत्येक नकाशाचा शिक्का समुद्रात मारायला लागले. माझ्या सगळ्या नोकरीत मला कोणी शिकवलेली ही एकमेव उपयोगाची गोष्ट, आणि शिकवली ती सहावी पास माणसाने. मग दर शनिवारी अर्ध्या दिवसाची सुट्टी झाली की तो यायचा. खांद्याला खाकी कापडी पिशवी, तीत भिंग, एक धुतलेला रुमाल आणि चण्याची पुडी. चणे बाहेर जिन्यात बसून खायचा, हात धुवायचा, मग आत. माहुल, मानखुर्द, मरोळ अशी गावं भिंगाखाली शोधायचा आणि मला बोलवायचा. "हे बघा, इथे मिठागर होतं. आणि ही खाडी. आता या बुजवलेल्या खाडीवर बसून आपल्या पोरी कॉम्प्युटर चालवतात."

रविवारी कधी कधी आम्ही दोघं जुन्या पुस्तकांच्या मागावर जायचो. माझे मिस्टर होते तोवर तेही यायचे. पुस्तक कसं बघावं, हे फ्रान्सिसकडून शिकावं. आधी उजेडात तिरकं धरून सोनं किती उरलंय ते बघायचं, मग नकाशांची यादी काढायची, मग एकेक नकाशा मोजायचा. यादीत दहा आणि आत नऊ असले की पुस्तक "लंगडं". लंगडं पुस्तकही तो सोडायचा नाही. बोरिवलीच्या एका फ्रेमवाल्याकडे पुस्तकातून फाडलेले नकाशे काचेत घालून टांगलेले होते, तिथे तो असा काही भडकला की मला त्याला दंडाला धरून बाहेर काढावं लागलं. "बकरा सोलून टांगतात तसं टांगलंय यार," असं बडबडत तो स्टेशनपर्यंत आला. तेव्हा मला त्याचं कौतुक वाटलं होतं. पुढे हेच आठवून वाटायला लागलं, की बाई, एवढा तमाशा कशाला करत होता हा माणूस?

कारण अकरा वर्षांपूर्वी साठा तपासणीत साष्टीचं ते पुस्तक उघडलं, आणि नकाशा नव्हता. पुस्तक त्याच्या दोन वर्षं आधी बाइंडरकडे जाऊन आलं होतं. त्याला विचारलं, तर म्हणाला, "पाकिटात दिलं ते मी लावलं." पुस्तकाच्या कार्डावर त्यानंतर एकच सही होती, तीही चार वेळा. फ्रान्सिसची. ज्याला त्या नकाशातली प्रत्येक खाडी पाठ होती, त्याची. मी रजिस्टरात लिहिलं, 'नकाशा गहाळ, वाचकाने नेल्याचा संशय.' नाव लिहिलं नाही. एवढाच काय तो माझा मोठेपणा!

पुढच्या शनिवारी तो आला आणि मी म्हटलं, "पिशवी इथे काउंटरवर ठेवा."

तोवर अकरा वर्षं ती पिशवी आत जात होती. त्याने माझ्याकडे बघितलं. दोन मुली पुस्तकं बदलून घेत उभ्या होत्या, त्यांनीही बघितलं. त्याने पिशवी ठेवली, भिंग काढून घेतलं आणि आत गेला. निघताना मात्र त्याने पिशवीचं तोंड दोन्ही हातांनी फाकून माझ्यासमोर धरलं, आणि मी... मी आत बघितलं. त्यानंतर दर शनिवारी हेच. मला सांगावं लागायचं नाही. येताना ठेवायचा, जाताना उघडून धरायचा. मी मनात म्हणायचे, चोराच्या मनात चांदणं. मी रिटायर झाल्यावर तो माझ्या घरी यायला लागला, तर तिथेही दाराशी पिशवीचं तोंड उघडं करून ठेवायचा. नाताळात त्याच पिशवीतून नेवऱ्या, कलकलं अशा फराळाचा डबा आणायचा. मिस्टर गेले तेव्हा तीन दिवस माझ्या घरचा चहा-पाण्याचा राबता त्यानेच सांभाळला. मी नेवऱ्या खाल्ल्या, चहा घेतला, आणि संशय तसाच ठेवला. विचारलं मात्र कधीच नाही. विचारलं असतं आणि तो हो म्हणाला असता तर काय केलं असतं, याची भीती होती. नाही म्हणाला असता तर माझा विश्वास बसला नसता.

मिस्साला मी गेले, मागच्या बाकावर बसले आणि कोणाशी न बोलता निघून आले. तीन आठवड्यांनी फिलूचा फोन. "बाई, पुस्तकांची यादी करून द्याल का? मला त्यातलं काही कळत नाही. आणि फ्रान्सिस म्हणायचा, काही झालं तर बाईंनाच बोलाव." बावीस वर्षांत मी त्याच्या घरी फक्त खालच्या खोलीत बसलेली. पुस्तकं माडीवर होती. म्हणजे आता नकाशा असेल तर माझ्याच हाताला लागणार होता, आणि तोही त्याच्या बायकोसमोर. नको सापडायला, असं म्हणत मी मरोळला गेले.

माडीवरची खोली बघून मी दारातच थांबले. आपण पुस्तकं ठेवतो तशी, पाठ बाहेर करून, एकही नव्हती. फळ्यांवर सगळी तोंड पुढे करून उभी, घरात माणसांचे फोटो लावतात तशी. हत्ती, मोर, गलबतं, कमळं. मावत नसलेली पेटीत. दर रविवारी देवळातून आला की तो पेटीतली चार वर काढायचा आणि वरची चार पेटीत ठेवायचा, म्हणजे सगळ्यांना पाळी मिळायची. प्रत्येकात एक चिठ्ठी होती. प्रेसमधल्या बिघडलेल्या लग्नपत्रिकांचे तुकडे, एका बाजूला वाकडा गणपती आणि मागे पेन्सिलीने लिहिलेलं... कुठे मिळालं, बरोबर कोण होतं, त्या दिवशी काय खाल्लं. 'मुलुंड, रद्दीवाला. बाई आणि साहेब बरोबर. मिसळ तिखट, साहेबांना उचकी.' माझे मिस्टर! मी ती चिठ्ठी फिलूला दाखवली आणि आम्ही दोघी हसलो आणि मग दोघीही रडलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी पेटीच्या तळाशी आमच्या कॉलेजचं पुस्तक हाताला लागलं. हिरवं साधं कापड, वर नक्षी नाही, चित्र नाही. भातशेतीवरचा कसला तरी जुना अहवाल. त्या साठा तपासणीनंतर कॉलेजने रद्द केलेली पुस्तकं एकदा बाहेर टेबलावर मांडली होती, हवी त्याने न्यावीत म्हणून, त्यातलं. मला तो दिवस आठवला. प्रिन्सिपल, कमिटीची माणसं, सगळे टेबलाभोवती उभे होते. फ्रान्सिसने हे पुस्तक चाळलं, एका जागी थांबला आणि बंद केलं. मी म्हटलं होतं, "याला ना सोनं ना नकाशा, हे कशाला नेता?" म्हणाला, "असू दे."

मी उघडलं. मध्ये जाड घडी. उलगडली तर साष्टी. माहुलवर जांभळा शिक्का.

नेला होता यानेच, असं क्षणभर वाटलं. मग बघितलं, नकाशा नुसता ठेवलेला नव्हता. बाइंडरच्या पट्टीने आत चिकटवलेला होता, त्याच हिरव्या बांधणीत. आणि मग मला आठवलं. बाइंडरकडे पुस्तक पाठवायच्या आधी घडीचे नकाशे मी स्वतः काढून घ्यायचे, नाहीतर कटिंगमध्ये त्यांची कड कापली जाते. नकाशा पाकिटात घालायचा, पाकीट पुस्तकाला बांधायचं, बांधणी झाली की बाइंडरने तो परत लावायचा. त्या खेपेला ही दोन पुस्तकं एकत्र गेली होती, एकाच मापाची. पाकीट मी चुकीच्या पुस्तकाला बांधलं होतं. मी. दुसऱ्या कोणाचाही हात त्यात नव्हता. चोर सोडून संन्याशाला सुळी देतात म्हणे, इथे तर चोरही नव्हता.

चिठ्ठी होतीच. पेन्सिलीची तीन वेगवेगळ्या वेळची अक्षरं. 'कॉलेज, रद्द पुस्तकं. आत बाईंचा साष्टीचा नकाशा, चुकून इथे लागलाय. मला वाटलं होतं, बाईंनीच जपून बाजूला ठेवलाय. प्रिन्सिपल उभे होते, बोललो नाही. बाईंची नोकरी संपली की सांगू.' त्याखाली, 'आज बाईंचा शेवटचा शनिवार. पुस्तक प्रेसमध्ये ठेवलंय, संध्याकाळी नेऊन देणार होतो. निघताना बाईंनी पिशवीत बघितलं. राहू दे.' आणि सगळ्यात खाली, नुसतंच, 'गुडघ्यांचं ऑपरेशन झालं की सांगतो.' माझं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे.

फिलू चहा घेऊन वर आली तेव्हा मी जमिनीवर बसले होते. मी तिला सगळं सांगितलं. सांगितलं, की मी तुझ्या नवऱ्याला अकरा वर्षं चोर समजत होते. तिला धक्का बसेल, ती मला घराबाहेर काढेल, असं वाटलं. काढायला हवं होतं. तिने कप खाली ठेवला.

"माहीत आहे," ती म्हणाली.

"तो बोलायचा?"

"बोलायचा कुठे... शुक्रवारी रात्री पिशवी माझ्यापुढे टाकायचा. म्हणायचा, धुऊन ठेव गं, बाई आत बघतात." तिने कप माझ्याकडे सरकवला. "पावसाळ्यात वाळायची नाही, तर इस्त्री फिरवायला लावायचा. शेवटची त्या बुधवारी धुतली. दुसऱ्या दिवशी तुमच्याकडे यायचं होतं ना."