बायकांच्या दारावरचं नाव

मी निघाले तो बाजाराचा दिवस होता, आणि आई मला स्टँडवर सोडायला आली नाही. टॉकीजमध्ये तीनचा शो लागला होता. तिथे बायकांसाठी बाजूला वेगळं दार होतं आणि त्या दारावर तिकिटं फाडायचं काम आईचं. शेवटी बॅग घेऊन मीच गेले. दार अर्धं उघडं धरून, एक डोळा आत ठेवूनच ती म्हणाली, "पोचलीस की फोन कर. आणि परक्या मुलखात पहिल्याच दिवशी भांडू नकोस." पहिल्या दिवशी नाही भांडले. दुसऱ्या आठवड्यात भांडले.

आता चेन्नईजवळ आवडी नावाच्या उपनगरात खोली आहे, पलीकडे गुम्मिडिपूंडीच्या एका कारखान्यात नोकरी. सुटीच्या दिवशी कंत्राटी बायकांसाठी पत्रकं लिहिते, गेटवर वाटते. आमच्या लाइनवरची सेल्वी अक्का ती तमिळमध्ये करते आणि माझी निम्मी विशेषणं कापते. "कोबम पोदुम, विषयम सोल्लु." राग पुरे, मुद्दा सांग. पत्रकांनी मला एकच नियम शिकवला: नाव घ्या. निनावी तक्रारीला साहेब चहासुद्धा विचारत नाही.

टॉकीज बंद पडून काही वर्षं झाली. आता ते पाडून मंगल कार्यालय होणार, म्हणून गाव सोडून गेलेली मंडळी त्याच्या इतिहासाची स्मरणिका काढतायत. ती जुळवणाऱ्या शेखरदादाने पुण्याहून कच्चा मजकूर पाठवला. मालकांची दूरदृष्टी आहे, मशीनवाल्याचं कसब आहे, पडद्यावर उधळलेली चिल्लर आहे. बायकांबद्दल एक ओळ: 'माताभगिनी कुटुंबासमवेत निर्धास्तपणे येत.' कुटुंबासमवेत! लोकलमध्ये वाचून आधी हसले, मग इतकी चिडले की उतरायचं स्टेशन मागे गेलं.

खरं काय होतं ते ऐका. बायका बाजाराला जाते म्हणून सांगून यायच्या. भाजीच्या पिशव्या खुर्चीखाली. कुणी किती वाजता घरात दिसायलाच हवं, हे आईला पाठ. पाच वाजून गेले की ती अंधारात एकेकीच्या खांद्याला हात लावायची, "ऊठ गं, तुझे येतील." सिनेमा अजून अर्धा तास असायचा. त्या उठायच्या. वर्षानुवर्षं या बायकांनी एकाही सिनेमाचा शेवट पाहिला नाही. शेवट आई पुढच्या बाजारी सांगायची, आणि खोटा सांगायची. नायिका मेली असली तरी आई तिला जगवायची, वर शिवणकामाचं दुकान काढून द्यायची. मी विचारलं तर म्हणाली, "एवढा जीव मुठीत धरून येतात. त्यांना काय मेलेली बाई दाखवू?"

शेखरदादा, हा तुमच्या टॉकीजचा इतिहास. मी तो लिहून काढला. नियमाप्रमाणे नावांसकट. सात बायका, पूर्ण नावं. आईला फोनवर वाचून दाखवला. वाटलं, खूश होईल.

"हे छापायचंय?"

"म्हणजे काय! नावं नसली तर त्यांना ओळखणार कोण?"

"ओळखायला नकोच होतं, बये. म्हणून तर माझ्या दाराने येत होत्या." मग तिने त्यातल्या एकीचं नाव घेतलं. "तिचा नवरा म्हातारा झालाय, त्याचा हात नाही झाला. तू तिथे मद्रासला बसून छापशील. घरी तिला जायचंय."

मी वाद घातला. अशानेच सगळं दबून राहतं, वगैरे. गेटवर बोलते तसं सगळं बोलले. ती म्हणाली, "झालं तुझं? आता माझं नाव घाल. कौसल्या बबन ढोले. आणि शेवट मी खोटे सांगितले तेही घाल. कुणाला भांडायचं तर माझ्याशी भांडतील. मी काय, दारावरचीच बाई."

शेखरदादाला आईचं नाव कळवलं, तर त्याचा निरोप: "ताई, नावाऐवजी 'एक कष्टाळू भगिनी' केलं तर? जरा गोड होईल."

नाही. गोड होणार नाही.

घर म्हणजे काय, यावर तुम्ही स्मरणिकेसाठी सगळ्यांनाच लिहायला सांगितलंय. इथे मी नाव घेते तेव्हा पुढचं मला भोगावं लागतं. नोकरी गेली तर माझी जाईल. तिथे मी नाव घेतलं की भोगणार दुसरीच, आणि मी इथे बसून फोनवर लाइक मोजणार. मी निघून आले, त्या राहिल्या. घर म्हणजे आता मला ते गाव, जिथे खरं बोलण्याआधी तिथे राहणाऱ्यांना विचारावं लागतं. हे मला पटलेलं नाही. चार रात्री धड झोप नाही, लिहिते, खोडते, पुन्हा लिहिते. पण सात नावं मी खोडली आहेत.

आठवं आहे तसं छापा. स्मरणिकेच्या प्रकाशनाला मी रजा टाकून येतेय, आईच्या शेजारी बसणार आहे. ज्याला काही विचारायचंय त्याने समोर येऊन आम्हा दोघींना विचारावं.