पुकार आणि हजेरी

देव ऐकतो, याविषयी मला कधी शंका नव्हती. तो माझं ऐकतो का, ही शंका मात्र होती. आमच्या चामोर्शीच्या घरात मी पहिला पदवीधर. त्या पदवीने मला नोकरी दिली नाही, पण बाहेर पडायची हिंमत दिली. गोव्यातल्या हॉटेलांत मी बरीच वर्षं सॅक्सोफोन वाजवला. तिथेच एका म्हाताऱ्या उस्तादांनी मला जॅझ शिकवलं. मग इकडे गावी वडिलांची स्मृती जाऊ लागली. आधी वस्तू, मग माणसं, शेवटी स्वतःचं नाव. पत्नी रत्ना फोनवर कधी तक्रार करत नसे. फक्त एकदा म्हणाली, "बाबा रोज दारात बसून राह्यतेत. कोणाची वाट पाह्यतेत, ते त्याईलेच नाई मालूम." मी सामान बांधलं आणि परत आलो.

परत आलो खरा, पण जीव थाऱ्यावर नव्हता. बाबांना आंघोळ घालायचो, भरवायचो, मुलीला शाळेत सोडायचो. यातलं काहीच मला जड नव्हतं. या तिघांसाठीच तर मी वाजवत होतो. तरी बोटं गप्प बसत नसत. ताटावर, सायकलच्या दांड्यावर, झोपलेल्या मुलीच्या पाठीवरसुद्धा ती चालत राहत. सोबत वाजवणारं गावात कोणी नव्हतं. सकाळी देवापुढे उभा राहिलो की माझं मागणं संपतच नसे. बाबांना बरं कर, मला काम दे, मार्ग दाखव. एक संपलं की दुसरं. दिवा लावून बाहेर पडताना मन आत येतानापेक्षा जास्त धावत असे.

बाबा जन्मभर लग्नाच्या बँडमध्ये ड्रम वाजवत होते. त्या बँडची एक रीत होती. लग्नात जेवणं उरकली की वाजवणारे पांगत. कोणी तंबाखूचा खर्रा घोटायला जाई, कोणी झाडाखाली आडवा होई. वरात निघायची वेळ झाली की मास्टर क्लॅरिनेटवर एक छोटीशी ओळ वाजवत. तिला 'पुकार' म्हणत. ओळ वाजवून मास्टर थांबत. मग जो जिथे असेल तिथून आपल्या वाद्यावर उत्तर देई. कुठून झांज वाजे, कुठून ट्रम्पेट. ती 'हजेरी'. बाबांची हजेरी ठरलेली होती. एक थाप, जरा दम, आणि मागून दोन जलद. ज्याची हजेरी आली नाही, त्याला शोधायला माणूस जाई. महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेत, वैनगंगेच्या वाळूत देवापुढेही हा बँड एक पुकार वाजवून हजेरी देत असे. आता तो बँड राहिला नाही, पण रत्नाने हट्ट धरला. "तुमी तरी वाजवा. बाबाईले बरं वाटन." म्हणून मुलीला शेजारी ठेवून, बाबा आणि रत्नासोबत मी सॅक्सोफोन घेऊन जत्रेला निघालो. श्रद्धेने निघालो असं म्हणणार नाही. तिचा शब्द मोडवला नाही, इतकंच.

दर्शन झालं, पुकार वाजवायची बाकी होती. मी रत्नाला म्हणालो, मी चपला घेऊन येतो. परत आलो तर ती एकटीच प्रसादाच्या दुकानापाशी उभी. "बाबा कुठी हायेत?" असं आम्ही दोघांनीही एकदमच विचारलं. तिला वाटलं ते माझ्यामागे गेले, मला वाटलं ते तिच्याजवळ आहेत. चौकीतल्या माइकवरून त्यांचं नाव पुकारलं गेलं. पण ज्याला आपलं नाव ओळखता येत नाही, तो येणार कसा? पाळण्यांच्या बाजूला पाहिलं, रसवंतीत पाहिलं. उन्हं कलू लागली होती. शेवटी नदीकडे पाहायचं आम्ही दोघंही टाळतोय, हे माझ्या लक्षात आलं. तिथे खडकांच्या खाली खोल डोह आहे.

गर्दी मागे टाकून आम्ही वाळूत धावत गेलो. लांबवर कुठेच बाबांची पांढरी टोपी दिसेना. तेव्हा सुचलं ते एवढंच. मी सॅक्सोफोनची पेटी उघडली आणि पुकार वाजवली. ती ओळ संपली, आणि मला पुढची शांतता सोसवेना. पुन्हा वाजवली. मग वरच्या पट्टीत, मग उलटीपालटी करून, मग तिच्यातून दुसरी ओळ काढून, मग तिसरी. गोव्यात शिकलेलं सगळं मी त्या वाळूत ओतलं. आजवर इतकं जोरात आणि इतकं वाईट मी कधी वाजवलं नसेन. उस्ताद नेहमी सांगत, सोबत्यासाठी जागा सोड. मी श्वासापुरतीही जागा सोडत नव्हतो. थांबलो तर काहीतरी ऐकू येईल किंवा येणार नाही, दोन्हींची भीती वाटत होती.

वाळूत एका काळ्या खडकाच्या आडोशाला एक बाई मांडीवरल्या लेकरावर लुगड्याचा पदर पसरून बसली होती. जवळच मासे सुकत घातलेले होते. मला ती दिसलीच नव्हती. ती लेकराला खांद्यावर घेऊन तरातरा आली आणि माझ्यासमोर मोकळा हात नाचवू लागली. "ओ बाजावाले भाऊ! बस करा ना आता! आत्ता कुठी डोळा लागला लेकराचा. काऊन एवढं फुकून राह्यले? देव का बहिरा हाय?"

मी ओशाळून सॅक्सोफोन खाली केला. वारा होता. पाण्याचा बारीक आवाज होता. आणि त्या आवाजात, खडकांच्या पलीकडून, लाकडावर काहीतरी वाजलं.

एक थाप. जरा दम. मागून दोन जलद.

बाईने कान टवकारले. "तो त आमचा डोंगा!" म्हणत तिने खांद्यावरचं झोपलेलं लेकरू रत्नाच्या हातात दिलं आणि ती माझ्यापुढे धावली. खडकाआड मासेमारीचा लाकडी डोंगा बांधलेला होता. अर्धा वाळूत, अर्धा डोहाच्या पाण्यावर. बाबा आत बसले होते आणि हातातला गोटा डोंग्याच्या काठावर मारत होते. एक पाय त्यांनी बाहेर काढला होता, पाण्याच्या बाजूला. बाईने दोर खेचून धरला. मी त्यांना कवेत घेऊन वाळूवर उतरवलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मुलगा म्हणून ओळखलं की बँडवाला म्हणून, ते मला सांगता येणार नाही.

"काऊन रे," ते चिडून म्हणाले, "कवाचा हजेरी देऊन राह्यलो. तुले ऐकूच नाई येत?"

तिकडे लेकरू जागं होऊन रत्नाच्या खांद्यावर मोठ्याने रडत होतं. मी बाईच्या पाया पडू लागलो, तर ती मागे सरली. "मी का केलं जी? मी त तुमाले भांडाले आली होती." मग हसली आणि बाबांना म्हणाली, "बुढ्या, आमचा डोंगा फोडत होता का तू?" बाबाही हसले.

लोक विचारतात, तो चमत्कार होता का? मी त्यावर वाद घालत नाही. रागावलेल्या आईच्या तोंडून कोण बोललं, हे मला कसं कळणार? एवढंच कळलं की मी वाजवत होतो तेव्हाही उत्तर येतच होतं. माझ्या देवघरातही कदाचित असंच चाललं असेल.

बाबा बरे झाले नाहीत. माझी बोटंही अजून ताटावर चालतात. पण सकाळी देवापुढे आता मी थोडंच मागतो आणि मग नुसता बसतो. संध्याकाळी अंगणात पुकार वाजवून सॅक्सोफोन मांडीवर ठेवतो. कधी घरातून पाटावर हजेरी येते, एक आणि मागून दोन. कधी येत नाही. मग मी उठतो आणि बाबांना शोधायला आत जातो.