सरजाबाई आणि थेटरचं दार

सरजाबाईला दवाखान्यात कोणी नोकरीला ठेवलेलं नाही. पगार नाही, बिल्ला नाही. तरी परभणीच्या त्या मोठ्या दवाखान्यात लेकरांच्या वॉर्डाचं पान तिच्याशिवाय हलत नाही. वीस वर्षांपूर्वी तिची लेक तापानं फणफणली, तेव्हा ही बाई हातात कागद धरून दोन दिवस भलत्याच रांगेत उभी होती. लेक वाचली, पण ती रांग काही डोक्यातून गेली नाही. तेव्हापासून खेड्यातलं भेदरलेलं माणूस फाटकात दिसलं, की ही त्याच्या हातातला कागद आधी हिसकावते आणि नाव मग विचारते.

चहा फुकट मिळतो म्हणून येते, असं लोक म्हणतात. चावट लोक फाटकावरच्या भगवानरावांचं नाव घेतात. तिला पाहून भगवानराव टोपी सरळ करतात, एवढं खरं. पुढचं कोणी पाहिलेलं नाही, म्हणून तर सगळे सांगतात.

गेल्या श्रावणात राणीसावरगावहून उद्धव, त्याची बायको अंबिका आणि आई लक्ष्मीबाई आली. त्यांच्या तीन वर्षांच्या लेकीच्या, ईश्वरीच्या, बेंबीतून आतडं बाहेर येऊन लिंबाएवढा फुगा झाला होता. सरजाबाईनं तपासण्या करवून घेतल्या, सह्या कुठं करायच्या ते दाखवलं आणि ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी बजावलं, "उद्या लेकराला काय द्यायचं न्हाई. उपास म्हणा." कारण मात्र सांगितलं नाही. आधीच थरथरणाऱ्या माणसांना आणखी कशाला भ्या घाला?

सकाळी सिस्टर ईश्वरीला उचलून ऑपरेशनच्या थेटरात घेऊन गेल्या. दार लागलं. उद्धव आणि अंबिका खाली रक्ताचा कागद आणायला गेलेले. बाकावर लक्ष्मीबाई आणि सरजाबाई दोघीच.

"शांत गेलं बगा लेकरू," लक्ष्मीबाई समाधानानं म्हणाली. "उगं रडायलं होतं. गिलासभर दूध पाजलं, मग गप झालं."

सरजाबाईच्या तोंडातली मिस्री कडू झाली.

"कवा पाजलं?"

"आत्ताच की, न्यायच्या आदी. अन् राजगिऱ्याचा अर्धा लाडू."

"आजी! काय द्यायचं न्हाई म्हणलं होतं ना मी?"

"मग? भाकर दिली का म्या? भात दिला? एकादशीला आमी दुधावरच ऱ्हातो. देवाला चालतंय, तर डॉक्टरला काहून चालंना?"

सरजाबाईच्या घरात तिच्या सासऱ्यापासून कोणी एकादशी धरलेली नाही. उपासाला काय चालतं, हे विचारायचं तिच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. आणि आता कारण सांगायला वेळ नव्हता. भुलीत पोटातलं वर आलं, श्वासात गेलं, तर लेकरू हातचं जातं. हे तिनं याच बाकावर बसून एकदा ऐकलेलं. त्या दिवशी त्या आईनं फोडलेला हंबरडा अजून तिच्या कानात होता.

ती उठली. लक्ष्मीबाईला सगळं कळलं नाही, पण तिचा चेहरा पाहून एवढं कळलं, की काहीतरी भयंकर झालंय. म्हातारीनं दोन्ही हातांनी तिचा पदर धरला.

"सांगू नका बाई! हाकलून देतेल आमाला. उद्धव मला जित्ती ठिवायचा न्हाई!"

"सोडा!"

"तुमच्या पाया पडते."

पदर टर्रकन फाटला. सरजाबाईनं दारावर दोन्ही तळहात आपटले. कोणी येईना. आत भांड्यांचा आवाज, कुणाचं तरी हसणं. एरवी भिंतीपल्याडचं भांडण ऐकणारी ही बाई, पण तिला त्या आवाजात ईश्वरीचं रडणं काही ऐकू येईना. तोंडावर मास्क चढला असेल का? सुई गेली असेल का? तिनं चप्पल काढली आणि चपलेनंच दार बडवायला सुरुवात केली.

सिस्टरनं दार फटीएवढं उघडलं. "मावशी, अक्कल गहाण टाकली का?"

"दूध पेलंय लेकरू! अर्ध्या तासाखाली! भूल देऊ नका!"

सिस्टरचा चेहरा पांढरा पडला. दार पुन्हा लागलं. आत धावल्याचे आवाज झाले, मग काहीच नाही. लक्ष्मीबाई जमिनीवर बसून विठ्ठलाचं नाव घेत होती. सरजाबाईला कोणाचं नाव आठवेना. ती नुसती दाराला कपाळ टेकून उभी.

मग रडणं आलं. खणखणीत, चिडलेलं रडणं. सिस्टरनं जागी असलेली ईश्वरी सरजाबाईच्या हातात दिली आणि मागून भुलीचे डॉक्टर आले.

"कुणी पाजलं?"

लक्ष्मीबाईनं डोळे मिटले.

"माझ्याच्यानं नीट सांगायचं ऱ्हायलं, साहेब," सरजाबाई म्हणाली. आणि त्यात खोटं काही नव्हतं.

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झालं, पोरगी ठणठणीत घरी गेली. पण सरजाबाई आता कागद हिसकावला, की पहिल्यांदा विचारते, "तुमच्याकडं उपासाला काय काय चालतं?" दूध, केळं, भगर, साबुदाणा, पाणी, सगळं एकेक करून बंद करते, आणि लेकरू कशानं मरतं तेही स्पष्ट सांगते. माणसं घाबरतात. घाबरू देते. "बाई आता एकादशी धरायली," असं भगवानराव गावभर सांगतात. सांगोत बापडे. थेटरचं दार लागलं, की आतून रडू ऐकू येईपर्यंत सरजाबाईला अजून बाकावर बसवत नाही.