भूगोलाच्या बाईंचा कोरा कागद

आमच्या भूगोलाच्या बाईंना कधी कुणाची भीड पडली नाही. मुख्याध्यापिकाबाईंनी त्यांना तोंडावर सांगितलं होतं, "यंदा वर्ग भरला नाही तर भूगोल बंद. तुम्ही ग्रंथालय सांभाळा." बाई म्हणाल्या, "भरेल." एवढंच! मी इतिहास शिकवतो. दुसरा कुणी असता तर रात्रभर कूस बदलत राहिला असता.

आमच्या शाळेत अकरावीला सामाजिक शास्त्रांतला एक विषय निवडावा लागतो: इतिहास, नागरिकशास्त्र, अर्थशास्त्र किंवा भूगोल. त्यासाठी सभागृहात आम्हा शिक्षकांचा बाजारच भरतो. अर्थशास्त्राच्या सरांनी पडद्यावर रंगीत चित्रं नाचवली. मी पुठ्ठ्याची तलवार परजली आणि टाळ्या घेतल्या. मग बाई उठल्या. हातात कोरे कागद.

"घरापासून शाळेपर्यंतची तुमची वाट काढा," त्या म्हणाल्या.

पोरं खिदळली, पण काढायला बसली. बाईंनी एकेका वस्तीचे कागद भिंतीवर शेजारी शेजारी चिकटवले. बसडेपोमागच्या वस्तीतल्या मुलांची वाट सरळ होती, गोदामाच्या गल्लीतून. त्याच वस्तीतल्या मुलींची वाट मात्र गल्लीच्या तोंडाशी वळून बाजाराला वळसा घालत होती. सगळ्यांची! त्यांनी आपसात ठरवलं नव्हतं, एकमेकींच्या कागदात डोकावूनही पाहिलं नव्हतं. माझं हसू जागच्या जागी विरलं.

"ही गल्ली का टाळली गं?"

मुली एकमेकींना कोपराने ढोसू लागल्या. शेवटी दोन वेण्यांची एक मुलगी उभी राहिली. "तिथे दिवे नाहीत, बाई. आणि टोळकं उभं असतं. काहीबाही बोलतात."

"घरी सांगितलंस?"

"सांगितलं तर शाळाच बंद करतील."

बाईंनी मान हलवली. "माझ्या वर्गाचं पहिलं काम हेच. गल्ली मोजायची, अंधाराच्या जागा नकाशात दाखवायच्या आणि सगळ्यांनी मिळून नगरपालिकेत जाऊन बसायचं. मी पुढे असेन. फुकटचे मार्क हवे असतील त्यांनी इतिहास घ्या, आमचे सर सढळ हाताने देतात."

सभागृह हसलं. मीही हसलो, पण कान तापले होते.

विषयांची नावं लिहून घ्यायला दुपारी मीच टेबलावर होतो. पहिली आली ती दोन वेण्यांचीच. चिठ्ठीवर वडिलांच्या अक्षरात 'अर्थशास्त्र' लिहिलेलं.

"हेच लिहू ना?" मी विचारलं.

तिने मागे पाहिलं. डेपोमागच्या सगळ्या मुली तिच्या पाठीशी रांगेत उभ्या होत्या.

"नको सर. बाबांशी मी बोलते. मला गल्लीतून शाळेत यायचंय. भूगोल लिहा."