आमच्या वहिनींचा डबा आणि पुढचा पत्ता

जगातली प्रत्येक वस्तू परीक्षेत येणार आहे, अशा नजरेने सगळीकडे बघणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. नागावात ज्यांच्या वाडीत मी कामाला जाते, त्या घरच्या वहिनी. वय छत्तीस. लग्नाआधी कॉम्प्युटरची पदवी घेतलेली, आणि आता एम.टेक.ला जायचं म्हणून प्रवेशपरीक्षेचा अभ्यास चाललेला. दोनदा परीक्षा दिली, दोनदा थोडक्यात हुकली. तिसऱ्या वेळी काकूंनी, म्हणजे त्यांच्या सासूबाईंनी, स्पष्टच सांगितलं, "यंदा शेवटचं. पास झालीस तर खुशाल जा. नाही झालीस तर तुझ्या अभ्यासाच्या खोलीत एसी बसवायचा आणि ती पाहुण्यांना भाड्याने द्यायची." आमच्याकडे लोकांनी गुरं विकून गोठ्यातसुद्धा पाहुणे ठेवलेत, तिथे समुद्राकडची अख्खी खोली एका पुस्तकवाल्या सुनेने अडवून ठेवायची म्हणजे काकूंच्या जिवाला केवढा घोर!

पण वहिनी खोलीत बसून अभ्यास करतील तर शपथ. जे वाचलं ते घरात करून बघायचं आणि कोणाला तरी समजावून सांगायचं, ही त्यांची पद्धत. काकू मध्येच बोलायच्या, म्हणून ती पाळी माझ्यावर आली. मी चौथी शिकलेली, चार माणसांत तोंड न उघडणारी. मी सुपाऱ्या सोलायला बसले की वहिनी पाट घेऊन समोर. "ताई, तुम्हाला कळलं म्हणजे मला कळलं." मी मान हलवायची. मान जरा जास्त जोरात हलली की त्या ओळखायच्या, हिला काही कळलेलं नाही, आणि पहिल्यापासून सुरू. शेवटी सुपाऱ्या लवकर सोलून व्हाव्यात म्हणून मी खरंच लक्ष द्यायला लागले.

धुतलेली ताटं एकावर एक रचली की तो स्टॅक. शेवटी ठेवलेलं आधी उचलायचं, मधल्याला हात लावायचा नाही. एकदा काकूंचं नाव घातलेलं ताट तळाशी गेलं, तर वहिनींनी वरची अकरा ताटं एकेक करून जमिनीवर मांडली. काकू म्हणाल्या, "अगं, ओढून काढ की!" वहिनी म्हणाल्या, "परवानगी नाही, आई." "कोणाची?" वहिनी पुस्तक उघडून शोधायला लागल्या.

त्याहून भारी मसाल्याचं प्रकरण. वहिनींनी सगळे डबे घरभर विखरून ठेवले आणि प्रत्येक डब्यात पुढच्या डब्याचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी घातली. हळदीत लिहिलेलं, तिखट खिडकीत. तिखटात लिहिलेलं, धणे कुठे. अशी रांग थेट कोकमांपर्यंत. आठवडाभर बरं चाललं. मग तिखट संपलं म्हणून तो डबा मी घासायला घेतला आणि आतल्या चिठ्ठीचा लगदा झाला. नेमके त्याच दुपारी पुण्याचे आठ पाहुणे सुरमईच्या कालवणाची वाट बघत ओटीवर बसलेले, आणि तिखटाच्या पुढचा सगळा मसाला घरात असून बेपत्ता! मला तर रडूच फुटायचं बाकी होतं. वहिनींनी मात्र टाळी वाजवली. "ताई, पुस्तकात हेच लिहिलंय! एक दुवा तुटला की पुढचं सगळं गेलं!"

"पुस्तकात कालवण पण आहे का?" काकूंनी विचारलं. "पाहुणे हात धुऊन बसलेत."

मी हळूच म्हटलं, "वहिनी, तुमीच ठेवलेत ना? आठवत न्हाय का?"

"आठवून चालत नाही, ताई. चिठ्ठीच वाचायची."

पाहुण्यांनी त्या दिवशी हळद-मिठातली सुरमई खाल्ली आणि कोकणी पद्धत म्हणून फोटो काढले. कोकमं चार दिवसांनी वहिनींच्या लग्नातल्या शालूखाली मिळाली. शालूचं काय झालं ते लिहीत नाही.

नारळांचंही तेच. व्यापाऱ्याचा टेम्पो दारात उभा, आणि ह्या दोनशे नारळ एका रांगेत मांडून शेजारशेजारचे दोन बघतायत, मोठा असेल तो पुढे सरकवतायत. तासाभरात एक मोठा नारळ टोकाला पोचला. ड्रायव्हर हॉर्न वाजवून दमला. मी पदर खोचला आणि लहान, मध्यम, मोठा असे तीन ढीग भराभर टाकले. वहिनी बघतच राहिल्या. "हे कुठे शिकलात?" म्हटलं, "शिकायचं काय त्यात? टेम्पो थांबलाय ना." त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. माझं बोलणं कोणी लिहून घेतल्याची ती पहिली वेळ. मला दिवसभर कसंतरीच झालं.

निकालाच्या दिवशी वहिनी फोन उपडा ठेवून बसल्या. एसीवाला आदल्याच दिवशी भिंतीची मापं घेऊन गेला होता. काकू उंबऱ्यावरून म्हणाल्या, "अगं, बघ एकदाचं." वहिनींनी बघितलं आणि मान खाली घातली. मी मनात म्हटलं, गेली खोली. तर त्या रडत रडत म्हणाल्या, "झाले, आई. पास झाले."

"झालीस ना? मग रडतेस कशाला?" म्हणत काकू मागीलदारी गेल्या आणि भाजी खुडायची सोडून तिथेच उभ्या राहिल्या.

वहिनी एम.टेक.ला गेल्या त्याला आता पाच महिने झाले. दिवाळीनंतर नागावात पाय ठेवायला जागा नाही. पाहुणे खोली मागतात, काकू म्हणतात, "ती भरलेली आहे." मी रोज तिथला केर काढते, खिडकी उघडते, लावते. मागच्या रविवारी एका बाईने खिडकीतून डोकावून विचारलं, "आत तर कोणीच दिसत नाही?"

"आहे हो," काकू म्हणाल्या. "बाहेर गेलीय जरा."