बैलाची वीस डोकी

त्या चित्रपटात एक लाकडी बैल आहे. आपल्या गाडीचं हरवलेलं चाक शोधायला तो घराबाहेर पडतो आणि अर्ध्या तासाच्या गोष्टीत ते घेऊन परत येतो. तो बैल, ती गाडी आणि वाटेत भेटणारी सगळी लाकडी जनावरं माझ्या वडिलांनी केली होती. हे कुठंही लिहिलेलं नाही, म्हणून मी लिहितो आहे.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. ते कोल्हापूरला उद्यमनगरात पॅटर्न करायचे. फाउंड्रीत एखादा भाग ओतायचा तर आधी तो हुबेहूब लाकडात करावा लागतो. वाळूत त्याचा ठसा घेऊन त्यात वितळलेला धातू ओततात. उरलेल्या लाकडाच्या तुकड्यांची ते माझ्यासाठी आणि बहिणीसाठी खेळणी करायचे.

त्यांच्याकडे एक पट्टी होती. सातवीत मी ती न विचारता शाळेत नेली आणि भूमितीची सगळी उत्तरं चुकली. मास्तरांनी छडी मारली. घरी आल्यावर अण्णा खूप हसले, मग त्यांनी समजावून सांगितलं. पोलाद थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्न थोडा मोठा ठेवावा लागतो, आणि तो वाढावा पट्टीतच धरलेला असतो. तिच्यावर शंभर मिलिमीटर लिहिलेलं असतं तिथं खरे एकशे दोन असतात. ही गोष्ट मला पक्की ठाऊक होती, हे आधीच सांगून ठेवतो.

आमच्या गावी गारगोटीला शाळा आणि मग कोल्हापूरला कॉलेज करून मी घरातला पहिला पदवीधर झालो. चित्रकला बरी होती. एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्यांचा स्टुडिओ होता. थिएटरात दाखवायच्या जाहिराती तिथं व्हायच्या. स्टुडिओच्या सरांनी माझी चित्रं पाहिली आणि म्हणाले, सोमवारपासून या. मला ‘या’ म्हणणारे ते पहिले मोठे गृहस्थ. आजही कुणी त्यांच्याविषयी वाईट बोललं तर मला ते सहन होत नाही. हे पुढचं वाचताना ध्यानात असू द्यावं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी सरांनी मुलांसाठी चित्रपट करायचं ठरवलं. खेळणी टेबलावर ठेवायची, किंचित हलवायची, एक चित्र घ्यायचं, पुन्हा किंचित हलवायची. सेकंदाच्या हालचालीला बारा वेळा हलवावं लागे. मी घरचा बैल नेऊन दाखवला आणि सरांनी त्याच्यावरच गोष्ट बेतली. बैल बोलायचा तर त्याची डोकी बदलावी लागत: मिटलेलं तोंड, अर्धं उघडं, पूर्ण उघडं, हसरं, रडवेलं. अण्णांनी जुन्या बैलाच्याच मापाने ही पाच डोकी केली. सर खूश झाले. खेळण्यांसाठी अण्णांचं नाव पडद्यावर स्वतंत्र येईल, असं त्यांनी आपणहून सांगितलं. अण्णांनी ते रविवारी विहारात वंदना झाल्यावर सगळ्यांना सांगितलं. मग वस्तीत भेटेल तो विचारायचा, कधी येणार तुमचं नाव?

चित्रपटातल्या नावांच्या पाट्यांची अक्षरं मीच काढत होतो. अण्णांच्या नावाची पाटी मी सगळ्यात आधी केली.

दिव्यांच्या उष्णतेने डोक्यांना बारीक भेगा पडू लागल्या. प्रत्येक प्रकारची आणखी चार, म्हणजे वीस डोकी हवी होती. अण्णा कामावरून सुटून थेट स्टुडिओत आले. अंगावर भुसा, म्हणून दारातच उभे राहिले. आत सर आणि कॅमेरामन बसलेले. अण्णांनी मोठ्याने विचारलं, “कुठली पट्टी लावू रं? साधी का माझी?”

मला त्या दोघांसमोर अवघडल्यासारखं झालं. ते दारातलं उभं राहणं, तो भुसा, ते मोठ्याने बोलणं. प्रश्न काय आहे याचा मी विचारच केला नाही. ते लवकर जावेत एवढंच मनात होतं.

“तुमचीच लावा. रोजची,” मी म्हणालो.

ते क्षणभर थांबले. पण शिकलेला मुलगा सांगतो आहे म्हटल्यावर त्यात काही हिशेब असणार असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी मान हलवली आणि गेले.

वीस डोकी आली. रंग देऊन आम्ही जुन्या डोक्यांत मिसळली. तीन आठवडे बैल बोलत होता. फिल्म धुवायला मुंबईला गेली, ती परत आल्यावर आम्ही खोलीत अंधार करून पाहायला बसलो. बैलाचं डोकं फुगत होतं आणि बसत होतं. दर शब्दाला फुगायचं, बसायचं.

“बैलाला धाप लागलीया की,” कॅमेरामन म्हणाला. कुणी हसलं नाही.

मला त्याच घडीला कळलं: अण्णांच्या पट्टीने केलेली नवी डोकी जुन्यांहून किंचित मोठी होती. सरांनी दोन डोकी हातात घेऊन शेजारी शेजारी धरली आणि दुसऱ्या दिवशी अण्णांना बोलावून घेतलं.

अण्णा या वेळी आत आले, पण बसले नाहीत. सर ओरडले नाहीत. ते हळू आवाजात बोलत, आणि ते जास्त लागायचं. तीन आठवड्यांचं काम गेलं, साधं माप घेता येत नव्हतं तर तसं सांगायचं होतं, असं ते म्हणाले. ज्याच्या कामाबद्दल महिनोन्‌महिने कुणा कारखान्याची तक्रार यायची नाही, त्याला ते माप शिकवत होते. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मी डोकी डब्यात भरत होतो.

“माझं चुकलं साहेब,” अण्णा म्हणाले. “नजर कमी झालीया आता.”

तेव्हा बोलायला दोन वाक्यं पुरली असती. मला नोकरी जाण्याची भीती होती, पण तेवढंच नव्हतं. सरांनी मला माणसांत आणलं होतं आणि त्यांच्यासमोर मला मूर्ख ठरायचं नव्हतं. माझ्या कृतज्ञतेची किंमत मी अण्णांकडून वसूल केली.

नवी डोकी दुसऱ्या सुताराकडून आली. सरांनी पाट्या पाहिल्या तेव्हा अण्णांची बाजूला काढली आणि म्हणाले, हे आता बरं दिसणार नाही, तिथे स्टुडिओचं नाव घाला. मी त्याच पुठ्ठ्यावर पांढरा रंग फिरवला. दोन हात द्यावे लागले. खालची अक्षरं दिसत राहत होती.

एका रविवारी सकाळी थिएटरात खेळ झाला. विहारातली अकरा माणसं धुतलेल्या कपड्यांत एसटीने आली. मी अण्णांना आधी काहीच सांगितलं नव्हतं. सांगायचं धाडस झालं नाही. शेवटच्या पाट्या सुरू झाल्यावर अण्णा खुर्चीच्या कडेला सरकून बसले. पाट्या संपल्या, दिवे लागले.

बाहेर एका म्हाताऱ्यांनी विचारलं की नाव कधी आलं, आम्हाला कसं दिसलं नाही. अण्णा म्हणाले, “लई पटकन गेलं ते. तुमास्नी वाचायला घावलं न्हाय.” म्हातारे म्हणाले, व्हय व्हय, कायतरी गेलं खरं. बाकीच्यांनीही माना हलवल्या. गाडीत सगळे बैलाविषयीच बोलत होते.

घरी आल्यावर अण्णांनी सदरा खुंटीला अडकवला.

“तुझं नाव बघितलं मी,” ते म्हणाले. “मोठं होतं. मधलं न्हाय घातलंस?”

मधलं, म्हणजे त्यांचं. शाळेच्या दाखल्यापासून पदवीपर्यंत माझ्या आणि आडनावाच्या मधे त्यांचं नाव होतं. पाटी करताना सरांनी विचारलंही होतं की पूर्ण नाव लिहिता का. मीच नको म्हणालो होतो. नुसतं नाव-आडनाव कलावंताचं वाटतं, असं मला वाटत होतं.

“जागा नव्हती,” मी म्हणालो.

“पाटी केवढी होती?” अण्णांनी विचारलं. मी हातांनी दाखवली. त्यांनी माझ्या दोन हातांमधलं अंतर पाहिलं, आणि जेवायला बसले.